अत्याचं गाणं आणि पिक्चरमधल्या रेघा

२८ नोव्हेंबर १९९३, रविवार. सकाळी ११

ही वही आजपासून. मराठीत लिहायची, तीही पुण्यात शिकलो तशी. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडचे मराठी; घरात सगळे मराठीच बोलतात, पण कागदावर आलं की तमिळ अक्षरं. बाळबोध, म्हणजे देवनागरी, वाचणारा कुंभकोणमच्या ह्या गल्लीत मी एकटा, त्यामुळे वही कुठेही ठेवली तरी चालेल. पुण्याच्या रेडिओ कारखान्यात सात वर्षं काढली, त्याचा एवढा तरी फायदा.

हयग्रीव आज अमेरिकेला परत गेला. माझा आतेभाऊ, वेंकूअत्याचा एकुलता एक. व्हिडिओ कॅमेरा माझ्या हवाली करून गेला. खांद्यावर घ्यायचा, आत नेहमीची मोठी कॅसेट. येताना सिंगापूरला घेतलेला, म्हणजे आपल्या टीव्हीवर चालतो.

काम एकच. अत्याची गाणी काढायची. तिच्या घशात गाठ आहे. ६ जानेवारीला तंजावरला ऑपरेशन. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, जिवाला धोका नाही, आवाज राहील असं मात्र धरून चालू नका. राधाकल्याणातली, म्हणजे राधाकृष्णाच्या लग्नसोहळ्यातली, झोपाळ्याची चार गाणी, जुन्या मराठीतली, तिच्याशिवाय आता कुणाला येत नाहीत. आणि ती गाणी देव झोपाळ्यावर बसल्याशिवाय म्हणायची नाहीत हा तिचा नेम. लग्न नसताना अक्षता कोण टाकतं, म्हणते. म्हणजे संधी एकच: २ जानेवारी, जवळचं मरुदानल्लूर, मठातलं राधाकल्याण.

हयग्रीव म्हणाला, लाल बटण दाब, बाकी कशाला हात लावू नकोस. दोनदा म्हणाला. कॉलेजात फिजिक्स लॅब सांभाळणाऱ्या माणसाला हे सांगतोय! पण जाणाऱ्या माणसाशी वाद नको.

सकाळी मी अत्याकडे पोचलो तेव्हा तो माजघरात काहीतरी शूटिंग आटपत होता. समोर अत्या, पाठीमागे खिडकी, चेहरा कोळशासारखा काळा. मी दारातूनच सांगितलं की लाइट बरोबर नाही, पुरे करा. त्याने लगेच बंद केला. शिकलेल्या माणसाला एकदा सांगितलं की कळतं.

१ डिसेंबर, बुधवार

टेस्ट घेतली. कॅमेऱ्यात होती तीच कॅसेट रिवाइंड करून वापरली. पाच मिनिटं सीलिंग फॅन (गतीसाठी), बाकी वेळ भिंतीवरचं कॅलेंडर दहा फुटांवरून (बारकाव्यासाठी). अॅडॅप्टर लावला होता, कारण बॅटरी चार्ज करायची राहिली. चौदाव्या मिनिटाला करंट गेला आणि सगळं ठप्प. अजून पंधरा मिनिटं काढणार होतो. ह्या गावात विज्ञान कसं वाढणार!

करंट आल्यावर कृष्णमूर्तीचा व्हीसीआर आणवला. बसस्टँडजवळचा टीव्ही मेकॅनिक. तो म्हणाला, पिक्चर फस्क्लास. जन्मभर लोकांच्या अँटेना फिरवल्या, ह्याच्याकडून काय अपेक्षा करणार. कॅलेंडरवरची तारीख दिसते, पण खालची राहुकाळाची बारीक ओळ? नुसती मुंग्यांची रांग. अत्याच्या नाकातली हिऱ्याची फुली ह्यात कशी दिसेल?

ठरलं. कॅमेरा सुधारायचा.

२ डिसेंबर, गुरुवार

मेलो.

व्हीसीआरमधून कॅसेट काढून उजेडात पाहिली तर कडेला लेबल. हयग्रीवचं अक्षर, तमिळमध्ये: अम्मा, पाट्टु. पाट्टु म्हणजे गाणं.

शिवकामीला सहज विचारतोय असं दाखवून विचारलं. नवऱ्याच्या आवाजावरून बायकोला सगळं कळतं, पण ह्या वेळी कळलं नसावं. ती म्हणाली, तुम्हाला माहीत नाही? जायच्या दिवशी सकाळी हयग्रीव रडला, पुन्हा हा आवाज ऐकायला मिळेल की नाही म्हणून. तेव्हा अत्याने नेम मोडला. देव नाही, झोपाळा नाही, मुलासमोर बसून एक गाणं अख्खं म्हटलं. तो गेल्यावर परत आंघोळ करून देवाची माफी मागितली.

मी गेलो तेव्हा तेच चाललं होतं तर. मला वाटलं, आपलं घर, अंगण, विहीर काहीतरी.

कॅसेट लावून पाहिली. पंखा. पंखा. कॅलेंडर. पुढे बघायची छाती झाली नाही. पुढे काय असणार, मुंग्या.

आता चूक कोणाची हे शांतपणे पाहू. लेबल दर्शनी बाजूला लावतात, कडेला नव्हे. शिवाय कॅसेट कॅमेऱ्यात कोण विसरून जातं? तरी जेवताना सांबार घशाखाली गेलं नाही. लेबल खरवडून त्यावर टेस्ट असं लिहिलं आणि कॅसेट ट्रंकेत, पुण्याच्या स्वेटरखाली. तो स्वेटर ह्या गावात कोणी बाहेर काढणार नाही.

निश्चय: राधाकल्याणाचं शूटिंग असं करायचं की ते पाहून कोणाला आधीच्या कॅसेटची आठवणसुद्धा येऊ नये.

५ डिसेंबर, रविवार

रस्ता सापडला. कॉलेजच्या लायब्ररीत एका अमेरिकन मासिकात लेख आहे. घरगुती कॅमेऱ्यात पिक्चर चांगलंच तयार होतं, पण कॅमेरा ते टेपवर चढवतो तिथे घाण होते. म्हणून पोटातून वायर काढून ते थेट बाहेरच्या व्हीसीआरला द्यायचं. पानं फाडून आणली. परत चिकटवीन.

लॅबमधला ऑसिलोस्कोपही आणला, रिक्षात, टॉवेलखाली झाकून. ह्याला चोरी म्हणत नाहीत. प्रॅक्टिकल परीक्षा फेब्रुवारीत आहे.

कृष्णमूर्तीला प्लॅन सांगितला. सगळं ऐकून घेऊन एकच शब्द म्हणाला: सौंड? मी म्हटलं, आधी पिक्चर.

९ डिसेंबर, गुरुवार

कॅमेरा उघडला. तेवीस स्क्रू काढले, एकोणीस परत बसवले. जपानी लोक चार जास्तच लावतात.

शिवकामी म्हणाली, दुसऱ्याची वस्तू आहे. मी म्हटलं, दुसऱ्याची नाही, आतेभावाची. ती काही न बोलता आत गेली. न बोलता आत जाणं हे फार वाईट.

१२ डिसेंबर, रविवार. दुपारी ४.२०

राहुकाळाची ओळ वाचता आली! रविवार, साडेचार ते सहा! दहा फुटांवरून! टीव्हीसमोर एकटाच टाळ्या वाजवल्या. पाच वाजता करणार होतो ती पुढची टेस्ट अर्थात उद्यावर टाकली.

एक किरकोळ गोष्ट. कॅमेऱ्याचं स्वतःचं रेकॉर्डिंग बंद पडलं. लाल बटण दाबलं की नुसता दिवा लागतो. हरकत नाही, आता त्या बटणाची गरजच राहिलेली नाही.

१४ डिसेंबर, मंगळवार

हयग्रीवचं पत्र. सुखरूप पोचला. घाईत कॅसेट कॅमेऱ्यातच राहिली, तिची कॉपी करून पाठव, बायकोमुलं वाट बघताहेत. अम्माने नेम मोडून म्हटलंय रे, असं लिहिलंय. इंग्रजी पत्रात तेवढंच मराठी, तमिळ अक्षरांत.

उत्तर लिहिलं: कॅसेट सुरक्षित आहे. ह्यात खोटं काय? कॅसेट सुरक्षितच आहे.

संध्याकाळी अत्या आली. ओट्यावर बसून कॉफी प्यायली, घसा दुखतो म्हणून अर्धीच. म्हणाली, मिऱ्यांचा काढा सुरू केलाय, थंड पाणी बंद केलंय, शेजारणींशी बोलणंसुद्धा कमी केलंय. कशाला, तर त्या दिवशी आवाजाने दगा देऊ नये. जानकी (म्हणजे मी) एवढा खपतोय, मग माझ्याकडून कमी नको, म्हणाली.

मला तिच्याकडे बघवेना. मी पेचकस शोधायला आत गेलो. तो माझ्या हातातच होता.

२१ डिसेंबर, मंगळवार

पिक्चरमध्ये रेघा. तीन दिवस झोप नाही. आज कारण सापडलं: आतल्या माइकची वायर माझ्या वायरीच्या अगदी जवळून जाते. माइकची वायर कापली. रेघा गायब. साधा उपाय सुचायला मोठं डोकं लागतं.

आवाज वेगळा घ्यायचा, टेपरेकॉर्डरवर. सिनेमावाले असंच करतात, मागाहून जुळवतात.

शिवकामीने विचारलं, हे गाणं आहे का लग्नाचा फोटो? तिला टेक्निकल बाजू समजावून सांगितली. अर्धा तास सांगितली. मग तिने तेच परत विचारलं.

३० डिसेंबर, गुरुवार

रंगीत तालीम. टेपरेकॉर्डर बंद असताना पिक्चर आरशासारखं. चालू केला की त्याच्या मोटरमुळे दोन बारीक रेघा. कृष्णमूर्ती म्हणाला, असू देत सार, रेघा कोण बघतो. मी बघतो!

तरीही आज मनापासून लिहून ठेवतो. त्या कॅसेटचं पाप माझ्या डोक्यावर आहे. म्हणून रविवारी काहीही झालं तरी आवाज पहिला. आवाज पहिला, पिक्चर नंतर. खाली दोन रेघा मारल्या आहेत.

२ जानेवारी १९९४, रविवार. संध्याकाळी

सगळं उत्तम पार पडलं. जवळजवळ.

क्रमाने लिहितो. सकाळी ऑटोत व्हीसीआर, कृष्णमूर्तीचा छोटा टीव्ही, कॅमेरा, टेपरेकॉर्डर, शिवाय कृष्णमूर्ती आणि मी. शिवकामी आणि अत्या बसने आल्या. झोपाळ्याच्या समोरची जागा मिळाली. तिथे बसलेल्या म्हाताऱ्यांना उठवावं लागलं. भजन चालवणाऱ्या शेषाद्री भागवतरांचा टाळ दोनदा मध्ये आला, त्यांनाही सरकवलं.

अत्याने तिरुभुवनम्‌ची हिरवी रेशमी नेसली होती, नऊवारी, हयग्रीवने घेतलेली. देव झोपाळ्यावर बसले. भागवतरांनी तिच्याकडे पाहून मान हलवली. मी टेपरेकॉर्डर सुरू केला, कॅमेरा सुरू केला. तिने सुरुवात केली, आवाज जरा घोगरा.

आणि टीव्हीवर रेघा. दोन नाही, पाच.

टेपरेकॉर्डर लांब नेला, तरी तीन. उलटा ठेवला, चार. मग दोन मिनिटांपुरता बंद केला. नुसता फोकस नीट करून घ्यायला. दोनच मिनिटं. पिक्चर असं स्वच्छ झालं की काय सांगू! काठाच्या जरीचे धागे मोजता यावेत. आणि तेवढ्यात तिने मान वळवली, फुलीवर समईचा उजेड पडला. निळा, मग तांबडा, मग परत निळा. असं पिक्चर ह्या जिल्ह्यात कोणी काढलं नसेल.

आरतीच्या कापराचा वास आला तेव्हा टेपरेकॉर्डरची आठवण झाली.

चारही गाणी झाली होती. बायका डोळे पुसत होत्या. भागवतरांनी टाळ खाली ठेवले होते. शिवकामी म्हणाली, असा आवाज अत्याचा गेल्या दहा वर्षांत लागला नव्हता. मला काय माहीत. मी ऐकलंच नाही, मी बघत होतो.

अत्याने लांबूनच विचारलं, नीट आलं का. मी म्हटलं, फस्क्लास.

कृष्णमूर्तीने वायरी गुंडाळल्या. त्याने सौंडचं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

३ जानेवारी, सोमवार

अजून तीन दिवस आहेत. तिला सांगायचं, अत्या, परत एकदा म्हण. पण काय म्हणून सांगायचं? झोपाळा नाही, देव नाही, नेम परत मोड, कारण तुझा भाचा फुली बघत बसला?

दोनदा तिच्या दारापर्यंत गेलो. दुसऱ्यांदा तिने मला पाहिलं आणि खुणेने सांगितलं, कालपासून घसा पार धरलाय, बोलवत नाही. काल सगळं देऊन टाकलं, अशी खूण केली. हसत होती.

६ जानेवारी, गुरुवार. तंजावर

ऑपरेशन व्यवस्थित. आत नेण्याआधी तिने माझा हात धरला. अगदी बारीक आवाजात म्हणाली, आता भीती नाही, गाणी तुझ्याजवळ आहेत.

मी हो म्हणालो. त्या वेळी कोणीही हो म्हणालं असतं.

१४ जानेवारी, शुक्रवार. पोंगल

अत्या घरी आली. प्रकृती छान. आवाज नाही. कुजबूजसुद्धा नाही, नुसता वारा. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यांचा काही दोष नाही. ती गळ्यात पाटी अडकवून हिंडते. तमिळ अक्षरांत आपलं मराठी लिहिते आणि पदराने पुसते. गोड पोंगल वाढताना पाटीवर लिहिलं: कॅसेट कधी दाखवतोस?

मी सांगितलं, एडिटिंग चाललंय. नवीन वर्षातला निश्चय खोटं न बोलण्याचा होता. तो एक फेब्रुवारीपासून.

२३ जानेवारी, रविवार

आणखी टाळता आलं नाही. शिवकामीने परस्पर कृष्णमूर्तीला व्हीसीआर घेऊन बोलावलं. सगळे जमले. टीव्हीवर अत्या. झगमगीत. झोपाळ्याची कडी न् कडी दिसते. तोंड उघडतं, मिटतं, हात तालावर मांडीवर पडतो. आवाज शून्य.

शिवकामीने उठून व्हॉल्यूम वाढवला. मग आणखी वाढवला. कृष्णमूर्तीने वायरी हलवल्यासारखं केलं, त्याला सगळं माहीत असून. मी म्हटलं, आवाज वेगळ्या कॅसेटवर आहे, जोडायचाय.

सव्वीस मिनिटं कोणी हललं नाही. संपल्यावर अत्याने पाटी घेतली: चित्र बरं आलंय.

मारलं असतं तर सोसलं असतं.

२४ जानेवारी, सोमवार

कॉलेजला दांडी. सकाळीच जाऊन अत्याला सगळं सांगितलं. वेगळ्या कॅसेटवर टेपरेकॉर्डर हलवल्याची नुसती खडखड आहे, गाणं नाही, हे. टेपरेकॉर्डर मीच बंद केला, हे. मुलासाठी म्हटलेलं गाणंही मीच पुसलं, त्यावर पंखा काढला, हेसुद्धा. मोटर, रेघा, लेबलाची कड, सगळी कारणं पाठ होती. एकही आठवलं नाही. रडू आलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी, दाराशी फुलवाली उभी असताना.

अत्या कोरी पाटीच पदराने पुसत राहिली.

२७ जानेवारी, गुरुवार

शिवकामी रोज दुपारी तिच्याकडे जाते. अत्या गाण्यांचे शब्द पाटीवर लिहिते, शिवकामी वहीत उतरवते. दोन गाणी झाली. मला बरं वाटलं, म्हटलं निम्मं तरी वाचलं. शिवकामी म्हणाली, शब्द झाले, चाल कशी लिहायची?

कॅमेरा परत जोडायला घेतला. उरलेले चार स्क्रू मिळत नाहीत.

३० जानेवारी, रविवार. सकाळी

आज जे झालं ते लिहून वही बंद.

अत्या आठ वाजता आली, कृष्णमूर्तीला व्हीसीआरसकट बरोबर घेऊन. पाटीवर आधीच लिहून आणलं होतं: ती पंख्याची कॅसेट लाव. मी म्हटलं, अत्या, त्यात काही नाही गं. तिने पाटी तशीच धरून ठेवली. ट्रंक उघडली, स्वेटर काढला. शिवकामीने स्वेटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

चौघं जण बसून पंखा बघत होतो. पाच मिनिटं पंखा. मग कॅलेंडर. एक डिसेंबर, बुधवार, राहुकाळ वाचता न येणारा. अत्या एखादा सिनेमा बघावा तशी बघत होती. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटत होतं. चौदाव्या मिनिटाला कॅलेंडर गचकन गेलं. करंट गेला होता ती जागा. मी बंद करायला उठलो.

मुंग्या आल्याच नाहीत. पिक्चर थरथरलं, आडव्या रेघा आल्या, भरपूर आल्या, आणि त्यामागे हयग्रीवचं शूटिंग. माजघराची खिडकी. खिडकीपुढे एक काळी आकृती, नाक नाही, डोळे नाहीत, फुली तर नाहीच. गाणं संपलेलं. शेवटच्या अक्षराची नुसती शेपटी ऐकू आली. मग अत्या बोलली. होलं का रे? आणखी म्हणू?

झालं म्हणायला आपल्यात होलं म्हणतात. पुण्यात मी ते किती वर्षं दाबून ठेवलं होतं.

आवाज इतका स्वच्छ की शिवकामीने तोंडावर हात घेतला. कृष्णमूर्ती हळूच म्हणाला, सौंड सूपर.

आणि लगेच दुसरा आवाज, दाराकडून, त्याहून मोठा, एक अक्षर न गळता. पुरे, अत्या, लाइट बरोबर नाही. खट्. त्यानंतर मुंग्या.

तो माझा आवाज होता.

अत्याने बोटाने खूण केली, परत. लावलं. परत खूण केली. सात वेळा लावलं, सात वेळा ती विचारते आणखी म्हणू, सात वेळा मी पुरे म्हणतो. नऊ सेकंद. मी कृष्णमूर्तीला विचारलं, हयग्रीवसाठी कॉपी करताना माझं वाक्य कापता येईल का. तो येतं म्हणाला. अत्याने जोरात मान हलवली, नको.

मग पाटी मांडीवर घेतली. बराच वेळ लिहीत होती. माझ्यापुढे धरली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ हसत होते. पाटीवर लिहिलं होतं: जानकी, लाइट आता बरोबर आहे का?

नऊ वाजले होते. दार उघडं होतं, अंगणातून थेट तिच्या तोंडावर ऊन आलं होतं. फुली चमकत होती. मी म्हणालो, आहे.